वानरटोकावरची हाक

दुपारचे अडीच वाजलेत आणि भिकाजी पांचाळ न झोपण्याच्या हट्टाला पेटला आहे. डाकबंगल्याच्या मागच्या खोलीत सुंभाच्या बाजेवर तो उताणा पडलाय, डोळे ताणून आढ्याकडं बघतोय. बाहेर ऊन मी म्हणतंय. तीन दिवस त्यानं धड झोप घेतलेली नाही. डोळा मिटला की कडा दिसतो, म्हणून डोळाच मिटायचा नाही, असा त्याचा बेत. पण अहो, झोप कुणाच्या बापाला ऐकते का? ती पायांकडून येते. आधी पावलं जड होतात, मग गुडघे, आणि माणूस आपला म्हणत राहतो की मी जागाच आहे.

चार वाजता शिपाई त्याला न्यायला येणार आहे. चावडीत फौजदार येऊन बसलाय, जबानी लिहून तयार आहे, भिकाजीनं खाली सही ठोकायची एवढंच उरलंय. त्या सहीनं धावजी नावाच्या एका ठाकराला बेड्या पडणार आहेत. आणि त्या जबानीत एक शब्द खोटा आहे. कुठला, ते भिकाजीला एकट्याला ठाऊक आहे.

थांबा, तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर पुढं गोंधळ व्हायचा. ही बोलपट यायच्या आधीची गोष्ट. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची, आणि मध्येच काळी पाटी यायची, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ती काय म्हणाली ते. भिकाजी अशा मुक्या चित्रांच्या कंपनीत कॅमेऱ्याचं हँडल मारायचा. दहा वर्षं तेच काम. कंपनीचे दिग्दर्शक चौबळसाहेब. त्यांनी मुंबईला गोऱ्या लोकांचं चित्र पाहिलं, बर्फाच्या डोंगरावर चढणाऱ्या माणसांचं, आणि तेव्हापासून त्यांना रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. "ते बर्फावर चढतात ना? आपण कातळावर चढू," म्हणाले. "काळा कातळ पडद्यावर असा आणतो की पहिल्या रांगेतली माणसं खुर्ची धरून बसतील." आणि अख्खी कंपनी घाटात घेऊन आले, वानरटोक नावाच्या सुळक्याच्या पायथ्याला. कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं, फिल्मचे डबे, सगळं बैलगाडीतून आणि मग माणसांच्या डोक्यावरून.

नायक म्हणून आणलेला नट माडीचा जिना चढताना धापा टाकायचा. मग त्याचा कोट आणि त्याची ती रुंद काठाची साहेबी टोपी चढवली कमळूला. कमळू दरवडा, खालच्या ठाकरवाडीतला, कड्यावरचा मध काढणारा. पायाची बोटं कातळाला चिकटतात की काय असं वाटावं, असा गडी. बोलायचा कमी, हसायचा जास्त.

त्या वाडीच्या दोन रीती आहेत, त्या ध्यानात ठेवा. कड्यावरच्या माणसाचा दोर त्याच्या भावानं धरायचा नाही, मेव्हण्यानं धरायचा. भावाच्या पोटात उद्या जमिनीवरून काही शिरेल. मेव्हणा आपल्याच बहिणीचं कपाळ कशाला पांढरं करेल? म्हणून कमळूचा दोर धावजीच्या हातात, कमळूची बायको बुधी हिचा भाऊ. आणि दुसरी रीत अशी, की कड्यावरचा माणूस कातळाला छाती लावून असतो, त्याला पायाखालचं दिसत नाही. तेव्हा समोरच्या टेकाडावर एक माणूस उभा राहतो आणि ओरडून सांगतो, पाय कुठं टाक. त्याला ते लोक डोळा म्हणतात. डोळा सांगेल तसं करायचं, विचारायचं नाही.

त्या सकाळी समोरच्या टेकाडावर कॅमेरा लावून भिकाजी एकटाच होता. कमळू त्याच्याजवळ आला आणि हसत म्हणाला, "दादा, या टोपीनं मला कायबी दिसंना. आज माजा डोळा तू." आणि भिकाजी तोंड भरून हो म्हणाला.

आता कॅमेऱ्याची गोम ऐका. त्याच्या मागं डोळा लावला की आतल्या काचेवर सगळं उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. नवा माणूस चक्कर येऊन पडतो. भिकाजी दहा वर्षं ते मनातल्या मनात सुलटं करून घ्यायचा, आपण चालताना पाऊल मोजत नाही तितक्या सहज. त्या दिवशी काचेतला कमळू उजव्या कडेला सरकला, चित्राबाहेर निघाला. म्हणजे खरा तो डावीकडं गेला होता, त्याला उजवीकडं बोलवायचं. पण हातात हँडल, मनात हँडलचा ठेका, एवढं चित्र हातचं जाईल ही घाई, आणि काचेत दिसत होतं तेच सुलटं न होता तोंडातून बाहेर पडलं. "डावीकडं! अजून डावीकडं!"

डावीकडं कातळ संपत होता. कमळूनं विचारलं नाही.

कमळू दरीत गेला, आणि असल्या हिसक्याला धावजीच्याच काय, कुणाच्या हातात दोर राहतो? चौबळसाहेब तंबूतून धावत आले, भिकाजीला धरून गदागदा हलवत म्हणाले, "काय ओरडलास तू?" आणि भिकाजी म्हणाला, "उजवीकडं." ठरवून म्हणाला नाही हो. पाचावर धारण बसली होती, निघून गेलं तोंडातून. पण बोललेला शब्द परत कुठं गिळता येतो? वरून धावजी छाती पिटत सांगत राहिला, डावीकडं अशी हाक आली, मी ऐकली. कोण विश्वास ठेवतो? शहाण्यासुरत्या, चष्मेवाल्या माणसापुढं ठाकराच्या शब्दाला काय किंमत? वाडीनं ठरवलं, हाक बरोबर होती तर धावजीनंच दोर सोडला. मेव्हण्यानं दोर सोडला म्हणजे त्यांच्यात फाशीपेक्षा मोठं पाप. आणि फिल्मला विचारावं तर ती बिचारी मुकी.

तर असा हा भिकाजी बाजेवर पडलाय आणि स्वतःला सांगतोय की मी जागा आहे. आढ्याकडं बघतोय. आढ्याला पाली आहेत, कोळिष्टकं आहेत, आणि कमळू बसला आहे.

कमळू मांडी घालून आढ्याला बसला आहे, डोकं खाली, पाय वर. अंगात नायकाचा कोट. डोक्यावर टोपी, आणि ती खाली पडत नाही. भिकाजीला आधी त्यात काही वावगं वाटत नाही. काचेत माणसं अशीच असतात. तो सवयीनं मनातल्या मनात कमळूला सुलटं करून घेतो आणि म्हणतो, "कमळू, जरा मध्ये सरक."

मग त्याच्या ध्यानात येतं की डोळ्यापुढं कॅमेरा नाही.

कमळूचं तोंड हलतं. आवाज येत नाही. ओठ लांबतात, मिटतात, पुन्हा लांबतात, तो काहीतरी अगदी मन लावून सांगतो आहे. भिकाजी उठायला बघतो तर अंग बाजेला खिळलंय. खोली काळी होते, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात, कंपनीतल्या पाट्या रंगवणाऱ्याच्या वळणदार हातची, चारी बाजूंनी वेलबुट्टी काढलेली.

"दादा, तू मला ओळखलंस का?"

"ओळखलं," भिकाजी म्हणतो. त्याचाही आवाज येत नाही. आपल्या तोंडातून काही निघत नाही हे कळल्यावर तो अजून मोठ्यानं ओरडतो, घशाच्या शिरा ताणून, आणि खोलीत माशीसुद्धा हलत नाही.

पाटी जाते. भिकाजी टेकाडावर उभा आहे. पायाखाली तेच वाळलेलं गवत, समोर वानरटोक, कॅमेरा तिकाटण्यावर. डोक्यावर कॅमेऱ्याचं काळं फडकं. फडक्याच्या आत त्याचा स्वतःचाच श्वास गरम लागतोय. हात हँडलवर आहे आणि हँडल आपोआप फिरतंय, तो हात ओढून घ्यायला बघतो तर बोटं सुटत नाहीत. काचेत कमळू. खालून वर लोंबकळल्यासारखा, उजव्या कडेला सरकत चाललेला.

"नाही," भिकाजी म्हणतो. "नाही, नाही, उजवीकडं म्हणायचंय. देवा, या वेळी उजवीकडं म्हणू दे."

तो तोंड उघडतो. काळी पाटी येते.

"डावीकडे."

आणि कमळू जातो. काचेत तो खाली पडत नाही, वर जातो, आभाळात बुडाल्यासारखा वर वर जातो, टोपी सुटून त्याच्या मागं जाते.

भिकाजी हँडल थांबवतो. या वेळी बोटं ऐकतात. कमळू अधांतरी थांबतो, हात पसरून, तोंड अर्धवट उघडं. झाडं थांबलीत, घारही थांबलीय. भिकाजी घामानं थबथबलाय. कंपनीत गंमत म्हणून ते हँडल उलटं फिरवायचे, मग विहिरीत उडी मारणारा माणूस पाण्यातून काठावर यायचा आणि पोरंबाळं पोट धरधरून हसायची. भिकाजी दोन्ही हातांनी हँडल धरतो आणि उलटं फिरवतो. अगदी हळू. टोपी परत येते, डोक्यावर बसते. कमळू मागं मागं येतो, त्याचे पाय कातळाच्या पट्टीवर लागतात, बोटं खाचेत शिरतात. उभा राहिला. जिवंत आहे! भिकाजीला रडू फुटतं. "आलास ना रे बाबा! आता तिथंच थांब. हलूच नकोस. मी हँडल असंच धरून ठेवतो."

"किती येळ धरशील?"

आवाज आला. फडक्याच्या आत, त्याच्या कानापाशी. कोवळ्या मधाचा आणि धुराचा वास.

"किती येळ धरशील, दादा? तुला चारला चावडीत जायचंय."

भिकाजी ओरडून फडकं फेकतो. फडक्याबाहेर टेकाड नाही. तो डाकबंगल्याच्या लहान अंधाऱ्या खोलीत आहे, जिथं फिल्म धुतात. तांबडा दिवा. रसायनांच्या मसाल्याच्या पाण्यानं भरलेल्या पराती. परातीत फिल्मची पट्टी भिजत पडलीय, आणि तिच्यातल्या प्रत्येक चौकटीतून एकएक कमळू मान वळवून त्याच्याकडं बघतोय. इतकुसे, मुंगीएवढे, शेकडो. आणि मोठा कमळू समोर भिंतीला टेकून उकिडवा बसला आहे, आता सुलटा, गुडघ्यांवर हात ठेवून. तांबड्या उजेडात त्याच्या कोटावरचे डाग दिसत नाहीत. तेवढीच मेहेरबानी.

भिकाजीची बोबडी वळली आहे. "क-कमळू, मी मुद्दाम नाही..."

"ते मला ठावं हाय."

"काचेत उलटं दिसतं रे. एकदाच चुकलो. दहा वर्षांत एकदाच."

"व्हय. मानूस चुकतो," कमळू म्हणतो. तो हसत नाही, एवढंच. जन्मभर हसणारा माणूस हसत नाही, हे भिकाजीला त्या शेकडो चेहऱ्यांपेक्षाही सहन होत नाही. "हाकेचं मी काय म्हनत न्हाय. हाक चुकली. पन मागनं जे बोललास, ते काय काचेत बगून बोललास?"

भिकाजी नजर चुकवून परातीकडं बघतो, तर तिथंही कमळूच. अहो, बघणार कुठं? कप्पाळ!

"बुधी भावाशी बोलत न्हाय," कमळू म्हणतो. "तीन दिस झालं. त्यो चावडीत बांदलाय, तर तिनं त्याला भाकर बी न्हाय धाडली. आईबाप न्हायती तिला. मी गेलो. एक भाऊ हुता, त्यो बी तू नेलास."

"मी सांगितलं तर माझं काय होईल? मला धरतील. कुणी हँडलला हात लावू देणार नाही. माझी पोरं..."

"तुला भ्या वाटतं."

"वाटतं रे. फार वाटतं. तुझी शपथ."

"मला बी वाटलं हुतं," कमळू म्हणतो. "लई न्हाय. इतकुसं. डावीकडं म्हनलास तवा पाय म्हनला, तितं कायबी न्हाय. पन मी म्हनलं, डोळा सांगतोय."

तो उठतो. त्याच्या हातात दोर आहे. भिकाजी मागं सरकतो, परात कलंडते, पाणी पायांवर येतं आणि ते थंडगार आहे, मसाल्याचं नव्हे, ओढ्याचं. कमळू त्याच्या कमरेभोवती दोर घालतो. हलक्या हातानं नव्हे. दोनदा वेढा, आवळून, आणि डाव्या कुशीवर गाठ. गाठ मारताना तो जिभेचं टोक दातांत धरतो.

"काय करतोस? कमळू, काय करतोस रे?"

"आता तू जा. तुजा डोळा मी."

पराती गेल्या, तांबडा दिवा गेला, भिंती गेल्या. भिकाजीची छाती कातळाला लागली आहे. कातळ उन्हानं तापलाय, गाल भाजतोय. पायाखाली बोटभर पट्टी, आणि पट्टीच्या खाली वारा. डोक्यावर टोपी आहे. तिचा काठ असा डोळ्यांवर आलाय की कातळाच्या वीतभर तुकड्यापलीकडं काही दिसत नाही. जिथं खाच मिळेल तिथं त्यानं बोटं रोवली आहेत.

"वर कोण आहे?" तो कातळाला तोंड लावून विचारतो. "दोर कुणी धरलाय?"

"धावजी," दरीपलीकडून उत्तर येतं. लांबून, पण स्वच्छ.

"धावजीचे हात तर बांधलेत!"

"व्हय. बांदलेत."

भिकाजी दोराला हलकासा हिसका देऊन बघतो. दोर सैल आहे. वरून वीतभर खाली येतो, हातभर येतो, येतच राहतो, आणि त्याच्या खांद्यावर वेटोळं घालून पडतो. वर कुणाच्याही हातात काही नाही. त्याची भीती आता इतकी वाढलीय की तिला आवाजही राहिलेला नाही. तो मनात म्हणतो, हा मला पाडणार. मी याला पाडलं, हा मला पाडणार. फिटंफाट. कुणीही हेच करेल. मी असतो तर हेच केलं असतं.

"उजवा पाय," हाक येते. "उजवीकडं टाक."

भिकाजी हलत नाही.

"दादा, उजवीकडं. वीतभर."

"कुणाच्या उजवीकडं?" भिकाजी ओरडतो. रडत ओरडतो. "तुझ्या की माझ्या?"

"कड्यावरच्याच्या," हाक येते. "डोळा कदी सोताच्या बाजूनं बोलत न्हाय."

भिकाजी उजवा पाय सरकवतो. बोटांना आधी काही लागत नाही, आणि त्या एवढ्याशा वेळात तो आपल्या पोरांची नावं घेऊन टाकतो. मग खाच लागते. पावलाएवढी, खोल, जणू कुणी कोरून ठेवलीय. तो वजन टाकतो. कातळ झेलतो.

"आता हात. डोईच्या वर, उजवीकडं."

खाच आहे.

"पुन्यांदा पाय."

आहे. ती हाक सांगेल तिथं कातळ आहे. भिकाजी थांबून थांबून पुढं सरकतो. वारा कोटात शिरतो, मधमाश्यांचं गुणगुणणं कुठंतरी जवळ आहे, सैल दोर खांद्यावरून घसरून पाठीवर झुलतोय, आणि लांबून तो आवाज येतोय, न चिडता, न घाई करता. भीती जात नाही बरं का. उलट वाढते. कारण आता त्याला वाटायला लागलंय की हा शेवटच्या पावलाला दगा देणार. सगळी खरी पावलं सांगून एक खोटं ठेवणार. एकच पुरतं, हे भिकाजीइतकं कुणाला ठाऊक आहे?

आणि मग हाक येते.

"डावीकडं."

भिकाजी गोठतो. बाकी कुठलाही शब्द असता तर त्यानं पाय उचलला असता. या शब्दानं माणूस मेलाय. त्याच्या स्वतःच्या तोंडातल्या शब्दानं.

"डावीकडं, दादा. येकच पाऊल."

"नाही रे. तिथं काही नाही. मी बघितलंय, तिथं काही नाही!"

"मी बगतोय ना."

"कमळू, मला माफ कर. आधी माफ केलं म्हण, मग टाकतो."

दरीपलीकडून उत्तर येत नाही. वारा पडलाय. भिकाजी गाल कातळाला दाबून वाट बघतो, आणि त्याच्या हळूहळू ध्यानात येतं की हे मागायची ही जागा नव्हे. कड्यावरच्या माणसानं काही मागायचं नसतं. कमळूनं मागितलं नव्हतं. तो डोळे मिटतो, कुलस्वामीचं नाव घ्यायला जातो आणि तेही आठवत नाही, आणि डावा पाय उचलून रिकाम्यात टाकतो.

पाऊल थंड शहाबादी फरशीवर टेकतं.

तो बाजेवर आडवा पडलाय, डावा पाय खाली लोंबतोय, फरशीला लागलेला. आढ्याला पाली आहेत, कोळिष्टकं आहेत. खिडकीतून ऊन आत आलंय. व्हरांड्यात कुणीतरी विडी ओढतंय, तिचा वास येतोय. भिकाजी कितीतरी वेळ पाय तसाच फरशीवर दाबून धरतो, उचलत नाही. त्यानं मला पाडलं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरतंय. त्याच्या हातात होतं, आणि त्यानं पाडलं नाही. भिकाजी पालथा होऊन उशीत तोंड खुपसतो आणि हुंदके देऊन रडतो, चाळीस वर्षांचा बाप्या.

"पांचाळ!" व्हरांड्यातून हाक येते. "उठलात का? चार वाजले की हो."

शिपाई आलाय. भिकाजी उठतो. अंगातला सदरा घामानं चिकटलाय, फौजदारापुढं असं कसं जायचं म्हणून तो काढायला जातो आणि कळवळतो. सदरा कमरेशी कातड्याला चिकटून सुटतो. तो खाली बघतो. बेंबीच्या वर, पोटाभोवती, दोन लाल वळ उठलेत, बोटाएवढे रुंद, एकमेकांना लागून. त्यांच्यात पिळाची नक्षी स्पष्ट उमटलीय. ते वळ पाठीवरून फिरून पुढं आलेत, आणि डाव्या कुशीवर, जिथं मिळतात, तिथं लिंबाएवढी जागा काळीनिळी होऊन सुजली आहे. भिकाजी तिच्यावर बोट ठेवतो. दुखतं. खरंखुरं, जागेपणी दुखतं तसं दुखतं. तो भिंतीला धरून उभा राहतो.

शिपाई दारात येतो. वाडीजवळच्याच गावातला, सखाराम नावाचा, पोक्त माणूस. त्याची नजर भिकाजीच्या पोटावर जाते आणि विडी हातातच राहते.

"हे काय झालं हो? कुणी बांधलंवतं तुम्हाला?"

भिकाजी दुसरा सदरा घालतो. बटणं लागत नाहीत. तो नाद सोडून देतो.

"सखाराम," तो म्हणतो, "बुधीचं घर कुठलं?"

"कोण बुधी? कमळूची? ते खाली, ओढ्याच्या अंगाला. पण आपल्याला चावडीत जायचंय. फौजदार ताटकळलाय."

"बसू दे त्याला. त्याला सांगणारच आहे. पण आधी तिला सांगायला पाहिजे."

"काय सांगायला पाहिजे?"

भिकाजी खिडकीतून खाली ओढ्याकडं बघतो. स्वप्न बरं होतं, स्वप्नात निदान खाली दरी होती. इथं खाली ओढा आहे, ओढ्याकाठी झोपडी आहे, आणि झोपडीत तीन दिवस न जेवलेली एक बाई आहे, जी त्याच्याकडं तोंड वर करून बघणार आहे.

"की तिच्या भावानं दोर सोडला नाही," तो म्हणतो. "मी चुकीची हाक दिली. आणि वर खोटं बोललो."

सखाराम विडी पायाखाली चिरडतो. मग दारातून बाजूला होतो, आणि भिकाजी उघड्या बटणांनीच पायऱ्या उतरायला लागतो.

"तुझ्या खांद्यावरच्या त्या फडक्यात बांधलंय ते काय?" थोड्या वेळानं मागं वळून भिकाजी सखारामला विचारतो, कारण काहीतरी बोललं नाही तर पाय पुढं पडणार नाहीत असं त्याला वाटतंय.

"माझी भाकर. दुपारची राहिली."

"मला दे. धावजीला म्हणून तिच्या हातात देतो. तिला नेऊन द्यावीशी वाटली तर नेईल."

सखाराम फडकं त्याच्या हातात देतो, आणि पुढं होऊन वाट दाखवतो.